बारा जीवाश्मांची पेटी: नमुने चांगले, चिठ्ठ्या कच्च्या

जीवाश्मांचे तयार संच ऑनलाइन वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, पण झाकण उघडलं की आत बहुधा तेच निघतं. खाचा पाडलेल्या काळ्या फोममध्ये बारा नमुने, प्रत्येकाखाली इंचभर चिठ्ठी, पातळ माहितीपुस्तिका, प्लास्टिकचं भिंग, ब्रश, छिन्नी आणि ‘स्वतः उत्खनन करा’ असं लिहिलेला प्लास्टरचा ठोकळा. निकाल आधीच सांगतो. बारापैकी आठ नमुने खरे आणि शिकवायला उत्तम आहेत, दोन संशयास्पद आहेत आणि दोन चुकीच्या नावाने ठेवलेले आहेत. पुस्तिकेतली निम्मी माहिती दुरुस्त करून वाचावी लागते. ठोकळा नसता तरी काही बिघडलं नसतं. तरीही आठवी-नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि नव्या हौशी संग्राहकांसाठी हा संच घेण्याजोगा आहे. सजीव खडकात टिकून राहण्याचे बहुतेक सगळे मार्ग या एका पेटीत हाताळता येतात, आणि चित्रं पाहून ते कळत नाहीत.

पहिला हातात घ्यावा तो कापलेला ॲमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचाचा, माखलीच्या नात्यातला, आता नामशेष झालेला समुद्री प्राणी. मादागास्करचा, क्रिटेशस काळातला, सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचा. वेटोळ्याच्या पातळीत मधोमध कापून आतली बाजू घासून चकचकीत केलेली असते. आत पडद्यांनी विभागलेले कप्पे दिसतात. शेवटचा, सगळ्यात मोठा कप्पा शाबूत असेल तर त्यात करडा किंवा तपकिरी गाळ घट्ट झालेला दिसतो, कारण प्राणी त्यात राहायचा आणि तो कप्पा बाहेरच्या बाजूने उघडा होता. मागचे कप्पे बंद होते. त्यांत गाळ शिरू शकला नाही, फक्त पाणी झिरपलं, आणि त्या पाण्यातल्या कॅल्साइटचे (चुनखडीच्या खनिजाचे) स्फटिक भिंतीपासून आतल्या दिशेने वाढत गेले. काही कप्पे पूर्ण भरले. काहींत मध्ये पोकळी राहून टोकदार स्फटिक उभे दिसतात. एखादा पडदा गाडला जाण्याआधीच फुटला असेल तर त्या कप्प्यात खाली गाळ आणि वर कॅल्साइट असे दोन भाग पडलेले असतात. त्या दोहोंमधली सरळ रेघ म्हणजे त्या दिवसाची समुद्रतळावरची आडवी पातळी. गवंड्याच्या लेव्हल-नळीतल्या बुडबुड्याइतकी ती विश्वासाची आहे. शंख कोणत्या बाजूवर पडला होता ते ती रेघ सांगते. थर उलथेपालथे झालेल्या डोंगरात काम करणारे भूवैज्ञानिक याच खुणेवरून वरची बाजू कोणती ते ठरवतात. पुस्तिकेत यातलं एक अक्षर नाही. तिथे फक्त ‘सुंदर स्फटिक’ असं लिहिलेलं आहे.

बाहेरच्या बाजूला इंद्रधनुषी चमक असेल तर तो आणखी एक पुरावा. जिवंत ॲमोनाइटचं कवच ॲरागोनाइटचं असायचं. ॲरागोनाइट कालांतराने, विशेषतः उष्णता आणि पाझरणारं पाणी मिळालं की, त्याच रासायनिक घटनेच्या पण अधिक स्थिर अशा कॅल्साइटमध्ये बदलतं. ११ कोटी वर्षांनंतरही मोत्यासारखी झाक टिकली आहे, याचा अर्थ तो थर फारसा तापला नाही आणि चिकणगाळाने पाणी बाहेर ठेवलं. तपासण्यासारखं एकच: दोन अर्धे जोडीने दिले असतील तर ते आरशातल्या प्रतिमेसारखे जुळले पाहिजेत. न जुळणारे अर्धे खोटे नसतात, पण दोन वेगळ्या शंखांचे असतात. भेगांत काळी राळ भरलेली असते. ती नेहमीची डागडुजी आहे, तक्रारीचा विषय नाही.

या संचाची खरी खोट पॉलिशमध्ये आहे, आणि ती शिंगाच्या आकाराच्या प्रवाळात सगळ्यात ठळक दिसते. १९६३ मध्ये पुराजीवशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातल्या (साधारण ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या) अशा प्रवाळांच्या बाहेरच्या सालीवरच्या बारीक रेघा मोजल्या. वर्षाच्या एका वाढपट्ट्यात साधारण ४०० रेघा निघाल्या. रोज एक रेघ धरली तर तेव्हाचं वर्ष सुमारे ४०० दिवसांचं होतं, म्हणजे दिवस आजच्याहून लहान होता. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी मंदावत आली आहे, हे खगोलशास्त्राचं गणित त्याला जुळतं. एका प्रवाळाच्या सालीवरून पृथ्वीच्या गतीचा पुरावा मिळतो, आणि पेटीतल्या प्रवाळाची नेमकी तीच साल गुळगुळीत दिसावी म्हणून घासून काढलेली आहे. आतले त्रिज्येसारखे पडदे छान दिसतात, ते ठीक. पण न घासलेला, थोडा मळकट नमुना ठेवला असता तर तो कितीतरी जास्त बोलला असता. सुटा विकत घेताना ‘न घासलेला’ असं मुद्दाम सांगून मागवावा.

अश्मीभूत लाकडाच्या बाबतीत मात्र पॉलिश उपकारक ठरतं. आडव्या कापावर १० पटींच्या भिंगाखाली पेशींच्या रांगा दिसतात. राखेच्या किंवा गाळाच्या थरात गाडलेल्या ओंडक्यात सिलिका विरघळलेलं पाणी मुरतं, पेशीभित्तिकांवर सिलिकाचा पातळ थर बसतो, मग पेशींच्या पोकळ्या भरतात. ज्वालामुखीची राख या कामी विशेष सोयीची, कारण तिच्यातली काच सहज विरघळून पाण्याला सिलिका पुरवते. पुस्तिका म्हणते, ‘लाकडाचा एकेक अणू जाऊन त्या जागी दगडाचा अणू आला.’ तसं झालेलं नसतं. भित्तिका कुजण्याआधी पोकळ्या भरल्या म्हणून तर रचना टिकली. बऱ्याच नमुन्यांत मूळ सेंद्रिय द्रव्याचा थोडा अंश आजही सापडतो. यासाठी लाखो वर्षंच लागतात असंही नाही. सिलिकायुक्त गरम झऱ्यांत लाकडात काही वर्षांतच बरीच सिलिका बसलेली आढळली आहे. ओळख सोपी आहे: खरा तुकडा काचेवर ओरखडा काढतो, आम्लाने फसफसत नाही आणि आकाराच्या मानाने जड लागतो. वाढीची वलयं स्पष्ट असतील तर झाडाने ऋतुबदल अनुभवला होता. वलयं नसतील तर वर्षभर सारख्या हवामानाची शक्यता जास्त. लाल-पिवळे रंग लोहाच्या ऑक्साइडचे आहेत. जिवंत झाडाच्या रंगाशी त्यांचा संबंध नाही.

ट्रायलोबाइट (खंडाखंडांच्या कवचाचा, नामशेष समुद्री संधिपाद प्राणी) म्हणून एल्राथिया किंगी ही जात दिली आहे, आणि निवड उत्तम आहे. अमेरिकेतल्या युटाच्या व्हीलर शेलमधला (शेल म्हणजे पातळ थरांत फुटणारा चिखलाचा खडक) हा काळा, बोटाच्या पेरापेक्षा लहान प्राणी, सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा, कँब्रियन काळातला. तो इतक्या विपुल प्रमाणात मिळतो की नक्कल करण्यात कोणाचा फायदा नाही, त्यामुळे खरा असण्याची खात्री जवळपास पूर्ण. पालथा करून पाहावा: पोटाच्या बाजूला तंतुमय कॅल्साइटचा जाड थर वाढलेला असतो. त्या थरामुळेच तो शेलपेक्षा टणक होतो आणि खडक झिजला की अख्खा सुटून येतो. मग डोक्याच्या दोन्ही कडा पाहाव्यात. तिथले सुटे गाल गायब असतील तर ही बहुधा मेलेल्या प्राण्याची नाही, टाकलेल्या कातीची शिल्लक आहे. ट्रायलोबाइट वाढताना अनेकदा कात टाकायचे, आणि कात टाकताना डोकं याच सांध्यांवर उघडायचं. एकाच प्राण्याने अनेक जीवाश्म मागे ठेवले असू शकतात, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. थरात जितके सापडले तितके प्राणी होते असं गणित का चुकतं, ते त्यातून लगेच समजतं.

काही पेट्यांत एल्राथियाऐवजी मोरोक्कोचा मोठा, डोळेदार ट्रायलोबाइट असतो. तिथे सावध राहावं. राळेत ओतलेल्या नकला तिथे भरपूर आहेत. खरा नमुना कठीण चुनखडी फोडून शोधलेला असतो, त्यामुळे खडक आणि प्राणी या दोहोंमधून सलग जाणारी, गोंदाने जोडलेली भेग जवळजवळ नेहमीच असते. अशी भेग अजिबात नसलेला, निष्कलंक नमुना उलट जास्त संशयास्पद. भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढे गोल खड्डे दिसले तर ते ओतताना अडकलेल्या हवेचे बुडबुडे. राळ हाताला कोमट लागते, दगड गार. मागच्या बाजूला सौम्य, १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकला तर चुनखडी जोरात फसफसते, राळ गप्प बसते. व्हिनेगर चालतं, पण हळू. थेंब टाकल्यावर भिंगातून पाहावं लागतं. थेंब लगेच पुसून ती जागा साध्या पाण्याने धुवावी, आणि दर्शनी बाजूवर ही चाचणी कधीच करू नये.

माशाची पाटी ही पेटीतली सगळ्यात देखणी वस्तू. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या ग्रीन रिव्हर थरांतला नाइटिया, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्यातला. कणा, फासळ्या, परांचे काटे, कधी कधी खवलेसुद्धा जागच्या जागी असतात. मेलेला मासा उघड्या पाण्यात पडला तर कुजताना फुगतो, तरंगतो, फुटतो, आणि उरलेलं इतर प्राणी विसकटतात. इथे काहीच हललेलं नाही. म्हणजे तळाशी प्राणवायू जवळपास नव्हता, उकरणारे प्राणी नव्हते आणि बारीक चुनखडीचा गाळ शांतपणे वर साचत होता. पाटीच्या कडेकडे पाहिलं तर कागदासारखे पातळ थर दिसतात. तळ कोणी उकरला असता तर ते थर टिकले नसते. दोष असा की विक्रीसाठीच्या पाट्यांवर पुसट हाडं तपकिरी रंगाने गडद करण्याची पद्धत आहे. हाडाला उंचवटा असतो, रंग सपाट असतो. तिरक्या उजेडात टॉर्च धरली की फरक कळतो. शंका असेल तर ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा एका कोपऱ्यावर फिरवावा. रंग बोळ्यावर येतो.

बेलेम्नाइट दिसायला सगळ्यात साधा, बंदुकीच्या गोळीसारखा तपकिरी दगड, आणि माहितीने सगळ्यात श्रीमंत. माखलीच्या नातलगांपैकी एका प्राण्याच्या अंगातला हा कॅल्साइटचा टणक भाग. तो मुळातच कॅल्साइटचा असल्याने ॲमोनाइटच्या कवचासारखा बदलत नाही, आणि म्हणून त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (हलक्या-जड अणूंचं) प्रमाण बऱ्यापैकी मूळचं राहतं. पाणी गार असेल तर कॅल्साइटमध्ये जड ऑक्सिजन-१८ जास्त बसतो. रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड युरी आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये एका जुरासिक बेलेम्नाइटची वलयं एकामागून एक तपासली, आणि त्या प्राण्याने तीन उन्हाळे व चार हिवाळे पाहिले, सुमारे चार वर्षांचा असताना तो वसंतात मेला, असं वाचून दाखवलं. पेटीतला नमुना आडवा तोडलेला असेल तर त्रिज्येत पसरलेल्या सुया आणि एकात एक वलयं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. संचात तो अख्खा देतात. आमचा आग्रह अर्धा तुटलेला मागण्याचा आहे.

क्रिनॉइडच्या (तारामाशाच्या देठ असलेल्या समुद्री नातलगाच्या) देठाच्या चकत्या छोट्या आहेत, पण खऱ्या. प्रत्येक चकती म्हणजे कॅल्साइटचा एकच स्फटिक, त्यामुळे तुटल्यावर सपाट, चमकणारी बाजू दिसते. प्राणी मेल्यावर काही दिवसांतच या चकत्या विखुरतात, म्हणून सुट्या चकत्या ढिगाने मिळतात आणि अख्खा क्रिनॉइड दिसला की तो झटक्यात गाडला गेला असं समजायचं.

शार्कचा दात मोरोक्कोच्या फॉस्फेट खाणींतला, साधारण ५ ते ६ कोटी वर्षांपूर्वीचा. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो क्वचितच टिकतो. दात मात्र आयुष्यभर हजारोंनी गळतात आणि त्यांच्यावरचं फ्लोरिनयुक्त ॲपेटाइटचं (फॉस्फेटच्या खनिजाचं) आवरण जवळपास न बदलता राहतं. दाताचा रंग वयाचा पुरावा नाही. तो गाडलेल्या गाळातल्या खनिजांवर अवलंबून असतो. मुकुट खरा असतो, मूळ अनेकदा वाळू आणि गोंद मिसळून पुन्हा घडवलेलं असतं. मुळावर सारख्या आकाराचे वाळूचे कण चिकटलेले दिसले तर तो भाग बनावट समजावा.

बनावटीची हीच गोष्ट ‘स्पायनोसॉरसचा (मासे खाणाऱ्या मोठ्या डायनोसॉरचा) दात’ या चिठ्ठीखाली जास्त गंभीर होते. मोरोक्कोच्या केम केम थरांत, साधारण ९.५ ते १० कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांच्या गाळात, या कुळातल्या प्राण्यांचे गळलेले दात खरोखरच विपुल मिळतात. उभ्या रेघांचा, जवळपास गोल छेदाचा, कडेला करवतीसारखे दाते नसलेला दात मासे पकडायला सोयीचा, हे त्याच्या आकारावरूनच वाचता येतं. पण पेट्यांतले लांब दात बहुतेक वेळा दोन किंवा तीन वेगळ्या दातांचे तुकडे जोडून केलेले असतात. अतिनील टॉर्चखाली धरावा: गोंद भेगेच्या रेषेत निळसर पांढरा चमकतो. काही खनिजंही चमकतात, म्हणून चमक आहे की नाही यापेक्षा ती कुठे आहे ते पाहावं. उभ्या रेघा जोडावर एकमेकींना जुळत नसतील तर आणखी चाचणीची गरजच नाही. शिवाय त्याच थरांत मगरींचे दातही मिळतात आणि सुटा, झिजलेला दात नेमका कोणाचा हे नेहमी सांगता येत नाही. विक्रेत्याने ‘स्पायनोसॉरिड कुळ’ एवढंच लिहिलं असतं तर ते जास्त प्रामाणिक झालं असतं.

‘अंबर’ बहुतेक पेट्यांत अंबर नसतो, कोपल असतो. कोपल म्हणजे अजून पुरती न मुरलेली झाडाची राळ, वय काहीशे वर्षांपासून पुढे. बाल्टिक अंबर मात्र साधारण ३.५ ते ४.५ कोटी वर्षांचा. मागच्या बाजूला ॲसिटोनचा एक थेंब ठेवावा आणि तो उडून जाईपर्यंत थांबून बोट लावावं. कोपल चिकट होतो, अंबर होत नाही. मिठाच्या पाण्याची चाचणीही करता येते: २५० मि.ली. पाण्यात ५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवावं. अंबर तरंगतो, बरीचशी प्लास्टिकं बुडतात. पण कोपलही तरंगतो, त्यामुळे ही चाचणी प्लास्टिक ओळखायला, कोपल ओळखायला नाही. आत मोठा, अख्खा, मधोमध बसवलेला कीटक असेल तर शंका जास्त घ्यावी. खऱ्या अंबरमध्ये बहुधा डासाएवढे किंवा त्याहून लहान जीव, वेडेवाकडे, एखादा पाय तुटलेले असतात. पुस्तिकेतलं ‘अंबरमधल्या डासातून डायनोसॉरचा डीएनए’ हे पान मुलांच्या हाती देऊ नये. कीटकाचा आतला भाग अनेकदा उरलेलाच नसतो. आजवर वाचला गेलेला सगळ्यात जुना डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या गाळातला, सुमारे २० लाख वर्षांचा आहे, आणि डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. पक्षी सोडून, अर्थात.

कोप्रोलाइट, म्हणजे अश्मीभूत विष्ठा, मुलांना सगळ्यात आवडते. पण संचातला तपकिरी, पिळदार तुकडा बहुधा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या सिडेराइटच्या (लोहाच्या कार्बोनेट खनिजाच्या) गोळ्यांपैकी असतो, आणि ते गोळे विष्ठेचे आहेत की दाबाखाली पिळून निघालेल्या चिकणमातीचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्यांत अन्नाचे अवशेष मिळत नाहीत, हा मुख्य आक्षेप. चांगला कोप्रोलाइट बहुधा फॉस्फेटचा असतो आणि भिंगाखाली त्यात माशांचे खवले, हाडांचे कण दिसतात. मांसाहारी प्राण्यांची विष्ठा जास्त टिकते कारण खाल्लेल्या हाडांतला फॉस्फेट तिला आतूनच दगड बनवायला मदत करतो. हा नमुना ‘संशयास्पद’ अशी चिठ्ठी लावून ठेवावा. तसाही तो उपयोगी आहे.

‘ऑर्थोसेरस’ची काळी पाटी खरी आहे, नाव मात्र व्यापारी आहे. खरी ऑर्थोसेरस प्रजाती बाल्टिक भागातल्या ऑर्डोव्हिशियन (डेव्होनियनच्याही आधीच्या काळातल्या) खडकांपुरती आहे. मोरोक्कोच्या काळ्या चुनखडीतले हे सरळ शंख बरेचसे डेव्होनियन काळातले, वेगळ्या प्रजातींचे. चिठ्ठीवर ‘सरळ कवचाचा नॉटिलॉइड’ (आजच्या नॉटिलसचा नातलग) असं लिहावं. कप्प्यांना जोडणारी नळी मधोमध जाताना दिसते. ॲमोनाइटमध्ये तीच नळी बाहेरच्या कडेने जाते. दोन्ही नमुने शेजारी ठेवून हा फरक दाखवण्यासारखा आहे. पाटीवर अनेक शंख एकाच दिशेला रोखलेले असतील तर ती प्रवाहाची दिशा असू शकते, मात्र आधी खात्री करावी की ते कापून बाहेरून बसवलेले नाहीत. शंखाभोवती एकसारख्या जाडीची चौकट दिसली तर बसवलेला आहे.

आता पुस्तिका. तिच्यात जीवाश्म तयार होण्याची एकच गोष्ट आहे: डायनोसॉर मेला, वाळूखाली गेला, हाडं दगड झाली, वारा आला, सापडला. पेटीतल्या बारापैकी एकही नमुना त्या चित्रासारखा झालेला नाही. लाकूड सिलिका भरून टिकलं, ॲमोनाइटच्या कप्प्यांत स्फटिक वाढले, बेलेम्नाइट आणि दात जवळपास मूळ द्रव्यातच राहिले, कोपल तर अजून राळच आहे. पानांसारखा कार्बनचा पातळ ठसा आणि कवच विरघळून उरलेला पोकळ साचा, हे दोन नेहमीचे प्रकार संचात नाहीतच. त्यांची भर घालण्यासारखी आहे. बारापैकी सात नमुने समुद्रातले आहेत, हेही पुस्तिकेने सांगायला हवं होतं. गाळ पाण्याखाली साचतो, डोंगर झिजतात. त्यामुळे डोंगरावर राहणाऱ्या प्राण्याला जीवाश्म होण्याची संधी फार कमी. आणि पेटीत कठीण भागच आहेत, कारण मऊ शरीर बहुतेक कुजून जातं. कॅनडातल्या बर्जेस शेलमध्ये, १९०९ मध्ये पुराजीवशास्त्रज्ञ चार्ल्स वॉलकॉट यांना सापडलेल्या थरांत, एल्राथियाच्या जवळपास त्याच काळातले मऊ शरीराचे प्राणीही टिकले आहेत, आणि तिथल्या बहुसंख्य प्रजातींना टणक कवचच नव्हतं. संच पाहून त्या समुद्रात नुसते ट्रायलोबाइट होते असं वाटू नये.

सगळ्यात मोठी चूक ‘वय कार्बन-१४ ने काढलं’ या वाक्यात आहे. कार्बन-१४ चा अर्धायुकाल (निम्मा उरायला लागणारा काळ) ५,७३० वर्षं. सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याइतका तो उरत नाही. यातल्या एकाही जुन्या नमुन्याचं वय त्याने निघणार नाही. प्रत्यक्षात थराच्या वर-खाली असलेल्या ज्वालामुखी राखेतल्या झिरकॉन स्फटिकांवरून युरेनियम-शिसे पद्धतीने किंवा आर्गॉन पद्धतीने वय काढतात, आणि मधल्या थरांना अल्पकाळ टिकलेल्या, दूरवर पसरलेल्या प्रजातींवरून जागा देतात. ट्रायलोबाइटला ‘डायनोसॉर युगातला’ म्हटलं आहे तेही चूक: शेवटचे ट्रायलोबाइट सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी संपले, डायनोसॉर त्यानंतर आले.

चिठ्ठ्यांवर ठिकाण म्हणून फक्त देशाचं नाव आहे. थराचं नाव आणि ठिकाण नसलेला जीवाश्म शोभेचा दगड होतो, त्यावरून काहीही सिद्ध करता येत नाही. म्हणून पेटी आली की पहिलं काम: प्रत्येक नमुन्याला क्रमांक. १०० मि.ली. ॲसिटोनमध्ये २० ग्रॅम पॅरालॉइड बी-७२ (संग्रहालयांत वापरली जाणारी ॲक्रिलिक राळ) विरघळवावं, मागच्या बाजूला बोटाच्या नखाएवढा पट्टा लावावा, वाळल्यावर काळ्या टिकाऊ शाईने क्रमांक लिहावा आणि वर तेच पुन्हा लावावं. चुकलं तर ॲसिटोनने निघून जातं, हाच त्याचा गुण. ॲसिटोन पेट घेतो, खिडकी उघडी ठेवून काम करावं. अंबर किंवा कोपलवर हे करू नये, ॲसिटोनने कोपल विरघळू लागतो. त्याचा क्रमांक डबीवर. मोडलेला तुकडाही याच पॅरालॉइडच्या घट्ट द्रावणाने जोडावा. झटकन चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद नंतर नीट काढता येत नाही.

ठोकळा जिप्सम प्लास्टरचा आहे, आत दोन-तीन छोटे शार्कचे दात. लोखंडी छिन्नीने ठोकताना दातांवरच ओरखडे पडतात आणि धूळ नाकात जाते. रात्रभर पाण्यात भिजत ठेवला तर प्लास्टर मऊ पडतं आणि लाकडी काडीने सुटतं. उरलेला राडा मोरीत ओतू नये, पाइपात साचून तो तुंबतो. खऱ्या कामात शेल थराच्या रेषेवर फोडतात आणि पुढची सफाई भिंगाखाली सुईने होते; हे शिकवायचं असेल तर ठोकळ्याऐवजी न साफ केलेल्या शेलचा एक तुकडा घेऊन दिलेला बरा. प्लास्टिकचं भिंगही बदलून १० पटींचं काचेचं घ्यावं, नाहीतर वर सांगितलेलं निम्मं दिसणारच नाही.

साठवणीत दोन गोष्टी बिघडतात. काळा फोम पॉलियुरेथेनचा असतो, काही वर्षांत चिकट होऊन भुगा होतो. त्याऐवजी पॉलिइथिलीनचा फोम किंवा आम्लमुक्त कागद. आणि काही पेट्यांत भेट म्हणून दिलेला सोनेरी, पायराइटचा ॲमोनाइट. प्राणवायूविरहित चिखलात जिवाणूंनी सल्फेटपासून केलेलं सल्फाइड लोहाशी जुळून हे पायराइट होतं. दमट हवेत, विशेषतः आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की, ते पुन्हा ऑक्सिडाइज होतं, त्यातून गंधकाम्ल निघतं, पांढरी-पिवळी पूड येते, गंधकाचा वास येतो आणि खालची चिठ्ठी जळते. हा नमुना पाण्याने धुवू नये. सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत, इतरांपासून वेगळा ठेवावा, कारण त्याचं आम्ल शेजारच्या कॅल्साइटच्या नमुन्यांनाही खातं.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारावं: प्रत्येक नमुन्याचा थर आणि ठिकाण काय, कुठे डागडुजी झाली आहे, आणि निर्यातीची परवानगी कोणत्या देशाची आहे. ब्राझीलमध्ये १९४२ च्या कायद्याने जीवाश्म सरकारी मालमत्ता आहेत, मंगोलियातूनही ते विक्रीसाठी बाहेर नेता येत नाहीत. त्या देशांतला नमुना संचात दिसला तर संच घेऊ नये. तिन्ही उत्तरं मिळाली तर बाकीच्या त्रुटींसकट हा संच घ्यावा. पहिलंच उत्तर नुसत्या देशाच्या नावाचं आलं, तर ॲमोनाइट, एल्राथिया, नाइटिया, बेलेम्नाइट आणि लाकूड हे पाच सुटे, ठिकाणासह विकणाऱ्याकडून घ्यावेत.